उसना वसंत

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील गृहसंकुलांतून एक वार्षिक विधी सुरू होतो. त्याला कोणत्याही धर्मशास्त्राचा आधार नाही. परंतु पुष्कळशा धर्मकृत्यांहून अधिक निष्ठेने तो पार पाडण्यात येतो. एक टेंपो फाटकाशी येऊन उभा राहतो. त्यातून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतील शे-दोनशे रोपे उतरविली जातात. पेटुनिया, डायँथस, साल्व्हिया, पॅन्झी अशी त्यांची नावे माळी आपल्या जिभेला झेपतील तशी सांगतो, आणि संकुलाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्यांत ती पलटणीसारखी ओळीने उभी करितो. माघ सरून ऊन तापू लागले की ही पलटण माना टाकते, आणि मग तिचे अवशेष घेऊन जावयास तोच टेंपो पुन्हा येतो. ह्या सर्व प्रकाराला 'हिवाळी बाग' असे म्हणतात. त्यासाठी सभासदांकडून पैसे घेण्यात येतात आणि वार्षिक सभेत त्याबद्दल समितीचे अभिनंदनही होते.

ह्या फुलांशी आमचे वैर नाही. वैर आहे ते ह्या नावाशी व त्यामागील समजुतीशी. ती समजूत अशी की, हिवाळा हा बागेवर आलेला एक वाईट काळ असून विकतचे रंग आणून तो कसाबसा निभावून न्यावयाचा असतो. जेथे ही समजूत जन्मली तेथे ती अगदी खरी आहे. आमच्याकडे ती सपशेल खोटी आहे. खोटी समजूत निरुपद्रवी असती तर आम्ही तिच्यासाठी शाई खर्च केली नसती. परंतु तिच्यापायी पाणी जाते, पैसा जातो, आणि पुढे सांगणार आहोत त्याप्रमाणे जिवंत झाडेही जातात.

ती आली कोठून हे प्रथम पाहू. इंग्रजी साहित्य शिकविण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस बेकनचा बागांवरील निबंध अपरिचित नसतो. त्याच्या निबंधसंग्रहाच्या १६२५ च्या आवृत्तीत तो आला. वर्षातील प्रत्येक महिन्यासाठी बागेत काही ना काही शोभा असली पाहिजे असे सांगून बेकन महिन्यामागून महिना घेतो आणि वनस्पतींची यादीच देतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत जे हिरवे राहते त्यावरच त्याची भिस्त आहे: हॉली, आयव्ही, यू, जुनिपर, सायप्रस. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही भरत नाही. आकाश शिशासारखे, जमीन कडक झालेली. अशा ठिकाणी हॉलीची तांबडी फळे आणि चकचकीत पाने ही माणसाच्या मनाला केवढा आधार देत असतील ह्याची कल्पना करिता येते. पुढे इंग्रजांनी ह्याच गरजेतून एक शास्त्र उभारले. बर्चची पांढरी साल, डॉगवुडच्या लाल काड्या, विच-हेझलची पिवळी फुले, कातरलेली कुंपणे, दगडी पुतळे, असा त्या शास्त्राचा सरंजाम आहे, आणि तो त्यांच्या देशात शोभतो.

पण गंमत अशी की, ही यादी संपविताना बेकनने स्वतःच बजावून ठेविले आहे की, हे सर्व लंडनच्या हवेपुरते आहे. ज्या त्या स्थळाला जे मानवेल त्यातूनच ज्याने त्याने आपला नित्य वसंत साधावा. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजाने जी मर्यादा ओळखली ती आमच्या आजच्या उद्यानविशारदांस ओळखता येऊ नये, हे आमच्या इंग्रजी शिक्षणाचे फळ म्हणावे की त्या शिक्षणाच्या अभावाचे, हे आम्हांस सांगता येत नाही.

हिंदुस्थानात ही हंगामी फुले रुजली ती साहेबांच्या बंगल्यांतून. नाताळ जवळ आला की साहेबाला घरची आठवण येई, आणि त्या आठवणीवर औषध म्हणून तो कुंड्यांतून इंग्लंडचा जून महिना फुलवीत असे. त्याला आम्ही हसत नाही. परदेशात गेलेला आमचा माणूसही गॅलरीत तुळस लावितोच. १८६० च्या दशकात फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बागकामावर जो ग्रंथ लिहिला, आणि जो पुढे पिढ्यान् पिढ्या वापरला गेला, त्याच्या शीर्षकातच तो बंगाल व उत्तर हिंदुस्थान यांसाठी असल्याचे म्हटले आहे. तिकडे हिवाळा खरोखरच हिवाळा असतो. आज आमच्या रोपवाटिकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून जे हिवाळी वेळापत्रक आम्हांस पढविले जाते ते ह्या वळणाचे आहे. दिल्लीचा कोट खाडीकाठच्या माणसाला चढवावा तसा हा प्रकार आहे. कोट चांगला असेल, पण घाम पुसणार कोण?

आमचा हिवाळा लंडनचा नाही आणि लाहोरचाही नाही. ह्या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडांनी त्या शिलकीवर काढावयाचे असतात. ठाण्यात पारा १५ अंशांखाली उतरला तर वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते आणि आमची मंडळी हौसेने कपाटातील स्वेटर बाहेर काढितात. डिसेंबरातील लहानात लहान दिवसही येथे सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे झाडाला थंडीचे भय नाही, उजेडाची चणचण नाही. चणचण आहे ती पाण्याची. सह्याद्रीच्या पायथ्याची झाडे पाने टाकितात ती पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचावे म्हणून. ही काटकसर आमच्या पगारदार वर्गाला तरी सहज समजावयास हवी होती: पगार एकदाच झालेला आहे आणि महिना लांबलचक आहे.

आणि ह्याच काटकसरीच्या दिवसांत आमच्या झाडांस फुलण्याची हौस येते. आश्विन-कार्तिकात सातवीण फुलते, तिचा उग्र गोड वास संध्याकाळी रस्त्यारस्त्यांवर दाटतो. पाठोपाठ बूच. हे झाड मूळचे ब्रह्मदेशाकडचे. त्याची लांब नळीची पांढरी फुले पहाटे जमिनीवर अंथरलेली असतात आणि ती वेचून लहान मुली त्यांच्या वेण्या गुंफीत असत. देवकांचन गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतो तोही ह्याच सुमारास. (दसऱ्याला आपटा म्हणून ह्याच कांचनाच्या फांद्या बाजारात ओरबाडून आणल्या जातात, त्यामुळे ऐन बहराच्या तोंडावर बिचारा बोडका होतो, पण ते असो.) मार्गशीर्षात कोरांटीच्या पिवळ्या, जांभळ्या जाती कुंपणावर फुलतात. कुंद फुलतो. शेवंती ही तर रात्र लांबली म्हणजेच कळी धरणारी. दिवस लहान होण्याची खूण तिला आमच्या पंचांगाहून लवकर कळते. पौषात आंब्याला मोहोर येतो, आणि तो वास ज्याने पहाटेच्या गारव्यात घेतला आहे त्याला हिवाळ्यात बागेला शोभा कशाने आणावी, असा प्रश्न पडावयाचे कारण नाही. माघात पांगारा, सावर, आणि मग पळस. पाने गळालेल्या फांदीवर फूल आले की ते पाखराला दुरून दिसते, त्याच्या चोचीतून पराग फिरतो, फळ उन्हाळ्यात पिकते, आणि बी नेमके मृगाच्या तोंडाशी जमिनीवर पडते. हा हिशेब कोणा उद्यानविशारदाने बसविलेला नाही.

फुलेच कशाला? इंग्रज बर्चच्या सालीचे कौतुक करितो. आमच्या येऊरच्या डोंगरात कांडोळ आहे. थंडीत त्याची सगळी पाने गळतात आणि पांढरेफटक गुळगुळीत खोड, कागदासारखी सुटणारी साल घेऊन ते झाड उभे राहते. चांदण्यात पाहिले तर अंगावर काटा येतो. लोक त्याला भुताचे झाड म्हणतात ते उगाच नव्हे. अर्जुनाचे खोडही असेच फिकट, ढलप्याढलप्यांनी सोलून निघणारे. शिरीषाला ह्या दिवसांत पानाऐवजी वाळक्या, गव्हाळ रंगाच्या शेंगा असतात आणि वाऱ्याची झुळूक आली की त्या खुळखुळतात. बहाव्याच्या हात-हातभर काळ्या शेंगा, टेंटूच्या तलवारीसारख्या शेंगा, रस्त्याच्या कडेचे सोनेरी गवत: ह्याला शोभा म्हणावयाचे नाही तर कशाला? मुंब्र्याजवळ लोकलच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर रोज लाखो माणसांस दिसतो. श्रावणात तो हिरवा असतो तेव्हा सगळे पाहतात. पौषात त्याचे गवत पिवळे पडून त्यावर तिरपे ऊन येते तेव्हा सगळे आपापल्या मोबाइलमध्ये परदेशातील पानगळीची चित्रे पाहत असतात.

वाळणे हे सौंदर्यच नव्हे असा जो आमचा आग्रह झाला आहे तो जुना नाही. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त हेमंत आणि शिशिर ह्या दोन्ही ऋतूंना स्वतंत्र सर्ग आहेत, आणि हेमंताच्या प्रारंभीच तो पिकलेल्या साळीबरोबर नाहीशा झालेल्या कमळांचाही उल्लेख करितो. कमळे गेली म्हणून त्याने कागदाची कमळे आणविली नाहीत. आमच्या काळात दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहून बारा महिन्यांचे बारा चेहरे मराठी वाचकाला दाखविले. ते पुस्तक आमच्या घराघरांत आहे, परीक्षांना लावलेले आहे, भेट म्हणून देण्यात येते. ते वाचून झाल्यावर खिडकीतून बाहेर पाहावे असे मात्र फारसे कोणास वाटत नसावे.

कोणी म्हणेल, ही सौंदर्याची अभिरुची झाली; ज्याची त्याची आवड निराळी. म्हणून आता एका झाडाची गोष्ट सांगतो. आम्ही ज्या संकुलात राहतो तेथे कोपऱ्यात एक काटेसावर होती. इमारती बांधल्या जाण्यापूर्वी तेथे भाताची खाचरे होती. त्या वेळेपासूनची ती. दर वर्षी पौषात तिची पाने पूर्ण गळत, आणि माघात तळहाताएवढी लाल फुले येत. त्यांतील रसासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची पहाटेपासून झुंबड उडे. एखाद्या वर्षी पळसमैनांचा थवा उतरे. ह्या पाहुण्या पाखराचे नावच आमच्या लोकांनी ज्या झाडावर ते येते त्यावरून ठेविले आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तीन वर्षांपूर्वी समितीने ठराव केला की, हे झाड वाळले असून ते पडून जीवितहानी होण्याचा संभव आहे. आम्ही चिटणिसांस भेटलो. ते म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः बघा. एक तरी पान आहे का त्याला?" पान नव्हते हे खरेच. पान नसण्याचाच तो महिना होता. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली परवानगी लागते, हे सर्व आम्ही सांगितले. पुढे कागदपत्रे कशी फिरली ह्या तपशिलात आम्ही शिरत नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती तोडण्यात आली. खाली पडलेल्या फांद्यांवर कळ्या होत्या. काळसर, गोल, बोराएवढ्या, शेकड्यांनी. मुलांनी त्या गोळा करून गोट्यांसारख्या खेळावयास घेतल्या. त्या जागी आता दोन शोभेचे पाम आहेत, ते बाराही महिने सारखेच दिसतात, आणि त्यांवर आजवर एकही पाखरू बसलेले आम्ही पाहिले नाही.

ही एका समितीची दुष्टबुद्धी नव्हती. ती सर्व मंडळी सुशिक्षित आहेत. त्यांत एक निवृत्त अभियंता आणि एक डॉक्टरीणबाई आहेत. बाग म्हणजे हिरवी, आणि हिरवी नाही ती मेलेली, एवढेच त्यांस कोणी तरी शिकविले आहे. ज्याला आम्ही समजूत म्हटले ती अशी कुऱ्हाड होऊन येते.

येथे आमच्यावर एक आक्षेप यावयाचा तो आधीच निपटून टाकू. आम्ही परकी झाडे हाकलून द्यावयास निघालो आहोत, असे कोणी समजू नये. तो वेडेपणा होईल. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा, देवळातील चाफा मध्य अमेरिकेचा, शेवंती चीनची, बोगनवेल ब्राझीलची. ह्यांना वगळले तर आमच्या देवांना फुले कमी पडतील. संक्रांतवेलीचेच उदाहरण घ्या. ही नारिंगी फुलांची वेल दक्षिण अमेरिकेतून आली; पण ती आमच्या मांडवांवर नेमकी मकरसंक्रांतीच्या सुमारास फुलते हे कोणा चाणाक्ष बाईने किंवा माळ्याने पाहिले आणि तिला मराठी नाव दिले. नाव मिळाले तेव्हाच तिचे परकेपण संपले. उलट रानमोडी पाहा. थंडीत तिलाही फिकट जांभळी फुले येतात, आणि ती अख्खे रान गिळीत चालली आहे. दुभाजकांवर सर्रास लावण्यात आलेला कोनोकार्पस हिरवागार दिसतो खरा, पण गुजरातेत सरकारला २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. तेव्हा झाडाची जात विचारण्याची आमची इच्छा नाही. आम्ही एवढेच विचारतो: ते ह्या मातीत, पावसाच्या शिलकीवर, माळ्याच्या रोजच्या मिनतवारीवाचून उभे राहते काय? पाखराला, मधमाशीला त्याचा काही उपयोग आहे काय? आणि पुढच्या वर्षी ते असणार आहे काय? तिन्ही प्रश्नांना पेटुनियाचे उत्तर 'नाही' असे आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या बाजूस जानेवारीनंतर गुलाबी टॅबेबुया फुलतात, आणि मोटारी थांबवून लोक छायाचित्रे काढितात. काढोत बापडे, झाड सुंदर आहे. परंतु त्याच माणसांस येऊरच्या वाटेवरची सावर दिसत नाही, कारण तिच्याविषयी वर्तमानपत्रात छापून येत नाही.

हिरवळीचा हिशेब मात्र अभिरुचीच्या बाहेरचा आहे. कोरड्या हवेत गवताचा गालिचा हिरवा ठेवावयाचा म्हणजे चौरस मीटरमागे रोज तीन-चार लिटर पाणी हवे. पाचशे चौरस मीटर हिरवळ धरली, आणि ती काही फार मोठी नव्हे, तर रोजचे दीड ते दोन हजार लिटर झाले. शहरात माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरिले तर हे अकरा ते पंधरा माणसांचे पाणी आहे. आमची शहरे भातसा, बारवी आणि उल्हास यांच्या पाण्यावर जगतात. वैशाखात त्याच संकुलांच्या दारात टँकर उभे असतात, आणि पाणीकपातीच्या नावाने पहिली ओरड तेथूनच होते. डिसेंबरात गालिच्यावर तुषार उडविणारे नळ कोणी मोजीत नाही. पाणी कमी पडले म्हणून अलीकडे काहींनी प्लास्टिकचे गवत अंथरले आहे. ह्यावर आम्ही काय लिहावे?

आमच्या आगरी शेतकऱ्याची हिवाळी बाग कशी असते ती पाहावी. भात कापले की त्याच ओलीवर तो वाल टाकितो. पाणी देत नाही, खत देत नाही. रात्रीचे दव आणि जमिनीतील ओल एवढ्यावर वाल पौषात शेंगांनी लगडतो. बांधावर भांबुर्डा उगवतो, ज्याला आमचे माळी तण म्हणून उपटून टाकितात. पण रायगडाकडे आणि इकडील गावांतही त्याच पाल्यात मडके भरून पोपटी लावली जाते, आणि त्या वासाने शहरातील माणसे मोटारी घेऊन धावतात. डोंबिवलीच्या भोवती अशी खाचरे काल-परवापर्यंत होती; काही थोडी अजून आहेत. कुंपणावर वालाचा किंवा पावट्याचा वेल चढविणे हे एखाद्या संकुलाला अशक्य आहे काय? जांभळी फुले, मग शेंगा, मग त्या शेंगांची उसळ. इतक्या गोष्टी एका पॅन्झीकडून मिळावयाच्या नाहीत.

सार्वजनिक बागांकडे वळावे तर तेथेही हीच तऱ्हा. ठाण्यात कोलशेत येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे वीस एकरांचे नवे उद्यान लोकांसाठी खुले झाले. इतकी मोकळी जागा इमारतींपासून वाचली ह्याचा आनंद आम्हांसही आहे, आणि रविवारी तेथे लोटणारी गर्दीच सांगते की लोक किती तहानलेले होते. परंतु त्यात जे देखावे उभारले आहेत ते मोगल, चिनी, जपानी आणि मोरोक्कोचे. ह्या चौघांच्या पंक्तीत कोकणाचे पान मांडलेले आम्हांस दिसले नाही. ज्या शहराच्या पाठीशी येऊरचे रान आणि पुढ्यात खाडी आहे त्या शहरातील मुलाने मोरोक्कोची बाग पाहावी आणि कांडोळ पाहू नये, ही योजना करणाराला कोणीही विरोध केला नसावा.

आणखी एक नवा प्रकार म्हणजे झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. दिवाळीला लावितात आणि होळीपर्यंत काढीत नाहीत. ज्या झाडाला फूल नाही त्याला वीज फुलवावी, असा हा विचार दिसतो. खोडांत खिळे जातात, तारा सालीत रुततात, आणि घरट्यांत परतणाऱ्या पाखरांना रात्र होत नाही. ह्या रोषणाईविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०२४ साली न्यायालयाने राज्य सरकारकडे व ठाण्यासह महापालिकांकडे जाब मागितला. झाडाला रात्री अंधार मिळावा ह्यासाठी न्यायालयात जावे लागते, अशा काळात आपण आहोत.

बागेतील दगड-माती-पाण्याच्या गोष्टींविषयीही थोडे. इंग्रजाची हिवाळी बाग पुतळे आणि कातरलेल्या कुंपणांवर उभी असते, कारण पाने गेल्यावर डोळ्याला धरावयास काही तरी घाट लागतो. आमच्याकडे तो घाट होताच. तुळशीवृंदावन, विहिरीचा कठडा, पिंपळाचा पार, काळ्या दगडाची पायरी. कार्तिकात तुळशीचे लग्न होते, मग तिच्या मंजिऱ्या वाळतात, काड्या लाकडासारख्या होतात, आणि तरी वृंदावनाची शोभा कमी होत नाही. कारण ती केवळ पानांवर अवलंबून नसते. ठाण्यात मासुंद्याचे तळे, उपवन, कचराळी, कल्याणात काळा तलाव. थंडीच्या सकाळी ह्या पाण्यावर जे धुके तरंगते ते कोणत्याही कारंज्याच्या तोडीचे आहे. खाडीवर रोहित पक्षी येतात, त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्या जागेला रामसर स्थळाचा मान मिळाला. घरच्या बागेत रोहित येणार नाही हे खरे. पण मातीचे पसरट भांडे भरून ठेविले तर धोबी येतो, थिरथिरा येतो, वेडे राघू तारेवर येऊन बसतात. ही हिवाळ्याचीच पाहुणे मंडळी आहेत आणि त्यांना पेव्हर ब्लॉक आवडत नाहीत.

राहता राहिला पाचोळा. झाडांवरील खटल्यांत हाच मुख्य आरोप असतो: 'कचरा फार करिते.' मग सकाळी झाडून ढीग करावयाचा आणि कोपऱ्यात काडी लावावयाची. ठाणे जिल्ह्याचा शेतकरी राब भाजतो तेव्हा त्याला आपल्या वाफ्यापुरते तरी त्यातून काही मिळते; आमची संकुले केवळ धूर मिळवितात, आणि तोही थंडीत, जेव्हा हवा जड होऊन धूर वर चढत नाही आणि घराघरांतून आजी-आजोबा खोकत असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. वस्तुतः तोच पाचोळा झाडांच्या मुळांशी चार बोटे पसरला तर जमिनीची ओल मार्चपर्यंत टिकते आणि पाण्याचा अर्धा प्रश्न तेथेच मिटतो. झाडाने स्वतःसाठी केलेली ही तरतूद आम्ही आधी जाळितो आणि मग पाइप लावून तिची भरपाई करितो.

आमच्या मागण्या फार नाहीत. संकुले आणि महापालिका बागेची देखभाल कंत्राटाने देतात, आणि त्या कंत्राटांत 'बारमाही हिरवीगार' असे शब्द हटकून असतात. ते काढून टाकावेत. कारण ते आहेत तोवर कंत्राटदाराने पिवळे पडलेले गवत उपटलेच पाहिजे आणि निष्पर्ण झाड झाकलेच पाहिजे. हंगामी रोपांच्या खर्चातून एका वर्षी तरी कुंद, कोरांटी, अबोली आणि देवकांचन लावून पाहावेत. ते पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावे लागणार नाहीत. प्रत्येक मोठ्या झाडावर त्याच्या नावाची पाटी असते तशी त्याची पाने कोणत्या महिन्यात गळतात हेही त्या पाटीवर लिहावे. आणि पाने नाहीत म्हणून कोणतेही झाड वाळले असे ठरविण्यापूर्वी त्याच्या कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. ही परीक्षा कोणत्याही माळ्याला येते आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही. तोवर, निष्पर्ण झाड तोडण्यासंबंधीचा कोणताही अर्ज मार्गशीर्ष ते फाल्गुन ह्या चार महिन्यांत विचारात घेऊ नये, एवढा नियम वृक्ष प्राधिकरणांनी करावा.